पानांचा ढीग आणि काडेपेटी

लीड्स, नोव्हेंबर

बाबा,

तुमच्या नि आयेच्या पाया पडते. मी बरी आहे, दोन स्वेटर घालते. खर्डीला थंडी पडली का?

रविवारी इथल्या बागेत झाडांचं काम शिकायला जाते. परवा आमी गळलेल्या पानांचा ढीग केला. मला वाटलं, आपण भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पाला जाळतो, तसा आता राब भाजायचा. मी त्यावर माती पसरली नि काडेपेटी मागितली. शिकवणाऱ्या बाई दचकल्याच. इथं पानं जाळत नाय, तारेच्या जाळीत भरून कुजवतात आणि वर्षाने त्यातच बी पेरतात.

त्यात आपलं भात रुजेल का हो? तण माजेल का? बाईंना भातातलं काय ठाऊक नाय. तुमी एकच वाफा करून बघाल? पाला खाली पडलेलाच लागतो.

राबाच्या फांद्या तोडायला ऐनाच्या झाडावर चढावं लागणार नाय. तुमच्या कंबरेचं आयेने सांगितलंय मला.

तुमची सारिका