बांगड्यापर्यंत वाजणारी गाडी

बोरीवली,
१४ जुलै

ती. स्व. सहदेवमामांस,
सुलक्षणाचा शि. सा. नमस्कार.

समोरासमोर मी तुम्हाला ‘मामा, तू’ म्हणते, पण कागदावर तसं लिहायला हात धजत नाही. तेव्हा हे ‘तुम्ही’ वाचून मी रागावले आहे असं समजू नका. गुडघा कसा आहे? कमळमामीचा खोकला गेला का? बोट वर ओढून नीट झाकली ना? तुमचा चष्मा नेहमीसारखा सापडत नसेल, म्हणजे हे पत्र मामीच वाचून दाखवत असेल; मामी, कंसातलंही वाच. छत्रीसाठी तुम्ही तीनदा निरोप पाठवलात. छत्री सुखरूप आहे. तिच्याबद्दल शेवटी लिहिते, आधी तिने केलेला पराक्रम ऐका.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेचं आमंत्रण द्यायला तुम्ही अंधेरीला माझ्या वर्कशॉपवर आलात, ती सकाळ आठवा. आमच्याकडे शर्यतीच्या जातीच्या परदेशी गाड्या दुरुस्तीला येतात (कंपनीचं नाव लिहीत नाही, एक तर नोकरीचा प्रश्न, आणि दुसरं म्हणजे अकरा वर्षांनंतरही मला ते नीट उच्चारता येत नाही). मी वॉरंटीचे कागद बघते: कुठला भाग गेला, कशामुळे गेला, कंपनीने तो फुकट बदलून द्यावा का. त्या दिवशी घाटकोपरच्या निमेशभाईंची पिवळी गाडी आली होती. सकाळी सुरू केली की थोडा वेळ खडखडायची आणि मग अशी शांत व्हायची की जणू काही झालंच नाही. कंप्युटर जोडला की तो म्हणायचा, दोष नाही. आमच्या वर्कशॉपप्रमुख चैतन्य सरांनी ती सुरू करताच तुम्ही कोणाला न विचारता छत्रीचं टोक इंजिनाला लावलंत, लाकडी मूठ कानाला लावलीत आणि डोळे मिटलेत. सर “अहो काका, रंगाला ओरखडा जाईल!” म्हणून धावत येईपर्यंत तुमचं निदान झालंसुद्धा होतं. “साखली ढिली हाय गो बाय. तेल वर पोचाला उशीर लागते.” मग तुम्ही चहा प्यालात, बोंबलांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवलीत (तो वास फायलींना अजून आहे) आणि छत्री विसरून गेलात.

मी बी.एस्सी. आहे, तीही फिजिक्समध्ये, त्यामुळे छत्रीवर विश्वास ठेवावा की नाही या विचारात माझे चार दिवस गेले. डायरीत त्या चार दिवसांची सात पानं आहेत. मग पुस्तकं काढून बघितलं, तर तुमचंच खरं. इंजिनात एक साखळी असते, तिला अंगठ्याएवढा एक भाग तेलाच्या दाबावर ताणून धरतो. त्यातली बारीक झडप गळकी निघाली, तर गाडी उभी असताना तेल खाली उतरतं, आणि पुन्हा वर चढेपर्यंत साखळी लोंबकळत खडखडते. असं रोज होत राहिलं की एखाद्या दिवशी ती दात सोडते आणि भर वेगात इंजिनाचा भुगा. मी हे सगळं कंपनीला कळवलं. उत्तर आलं, एका ओळीचं: हा आवाज म्हणजे गाडीचा स्वभाव आहे, चिंता नसावी. आणि सोबत एक छापील कागद, प्रत्येक गिऱ्हाइकाला देण्यासाठी, ‘तपासले, स्वभाव आहे’ असा. खाली सही माझी!

मामा, मला ती सही करवेना. मी धीट आहे असं नाही (लिफ्टमध्ये कोणी आधी शिरलं तर मी जिन्याने जाते). पण निमेशभाईंची रुचिका, कॉलेजात जाणारी पोर, तीच गाडी घेऊन रविवारी हायवेने जाते. उद्या काही झालं तर त्या कागदावर माझं नाव, आणि मला ठाऊक होतं. तरी रोज स्वतःला विचारत होते, की ही खरंच सचोटी आहे, की आपण एकदा तरी कोणापेक्षा तरी शहाणे ठरावं ही हौस? डायरीत उत्तर लिहिलं आहे: दोन्ही, बहुधा अर्धं अर्धं. चैतन्य सर म्हणाले, “ताई, सही करून टाका ना यार, वर कोण वाचतंय?” मी म्हटलं, मी वाचते. पुढच्या सोमवारी माझी बदली झाली: दारातल्या काउंटरवर बसायचं, गिऱ्हाइकांना कॉफी द्यायची आणि हसायचं. मोठ्या साहेबांनी बजावलं, महिनाअखेरपर्यंत विचार बदला, नाहीतर दुसरी नोकरी बघा.

शिक्षा देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. आदल्या दिवशी आलेल्या सगळ्या गाड्या काउंटरच्या काचेसमोरच उभ्या असतात आणि सकाळी तिथेच पहिल्यांदा सुरू होतात! वरच्या मजल्यावर फायलींत बसून मला जे कधी ऐकू आलं नसतं, ते आता कॉफीच्या ट्रेसह रोज ऐकू येऊ लागलं. अडचण एकच होती. हातात ट्रे, डोळे गिऱ्हाइकावर, मग घड्याळ बघायचं कधी? तेव्हा मी तुमच्या पद्धतीने मोजलं. लहानपणी खारदांड्याच्या धक्क्यावरून आम्ही पोरं पाण्यात बुडी मारायचो आणि तुम्ही वर उभे राहून ठेक्यात मासे म्हणायचा: पापलेट, सुरमई, रावस, घोळ, हलवा, बांगडा, बोंबील. जो बोंबलापर्यंत खाली राहील तो नाखवा. मी घरी घड्याळ लावून तपासलं. तीच यादी फिरवून फिरवून साठ मासे म्हणायला मला एकसष्ट सेकंद लागले (तो जास्तीचा सेकंद कुठून आला याचा शोध घेण्यात एक रविवार गेला). त्या मॉडेलच्या अकरा गाड्या, एकवीस सकाळी. चांगली गाडी सुरमईच्या आत गप्प होते. चार गाड्या घोळपर्यंत गेल्या. निमेशभाईंची पिवळी बांगड्यापर्यंत.

महिना संपायच्या आत सेकंदांचा स्वच्छ तक्ता केला आणि कंपनीच्या परदेशी कचेरीकडे दोष कळवण्याचा अर्ज भरला (उत्तर येईपर्यंत नोकरीचा निर्णय थांबला). पण अर्जात खाली बारीक अक्षरांत होतं की मूळ नोंदी जोडाव्यात. मूळ नोंदी म्हणजे डायरी, आणि डायरीत सगळे मासे. चैतन्य सरांनी कपाळावर हात मारला. “ताई, तिकडचे साहेब हे वाचतील? आपली पार वाट लागेल!” दोन दिवस मी लिफाफा उघडाच ठेवला. पण नियम म्हणजे नियम. मी माशांसकट पानं पाठवली, इंग्रजीत मासे समजावून, आणि ‘प्रथम निदान कोणी केले’ या रकान्यात तुमचं नाव लिहिलं, ‘साधन’ या रकान्यात छत्री.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. हसले नव्हते, मामा! विचारलं होतं की एक मासा म्हणजे नेमका किती वेळ, आणि तो लांब नावाच्या माशाला वाढतो का? मी ते पत्र उभ्याने चार वेळा वाचलं. एवढ्या मोठ्या जगात माझ्याइतकं किचकट कोणीतरी आहे, या आनंदाने मला रडू आलं. मी माझ्या आवाजातली मोजणी पाठवली, त्यांनी पाच गाड्यांचे भाग मागवले, फोडून बघितले. झडप गळकी! आणि गेल्या मंगळवारी हुकूम निघाला: जगभरात त्या वर्षी बनलेल्या त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलवा, भाग फुकट बदला. पत्राच्या शेवटी आभार मानले आहेत, माझे आणि ‘श्री. सहदेव, खारदांडा’ यांचे.

मी आता पुन्हा वरच्या मजल्यावर आहे. मोठ्या साहेबांनी पेढे वाटले. माशांची यादी प्लास्टिकमध्ये घालून वर्कशॉपच्या भिंतीवर लावली आहे, आणि चैतन्य सर, हो तेच, रोज सकाळी खालून ओरडतात, “ताई, ही घोळला गेली, उघडू का?” फक्त निमेशभाई हात जोडून म्हणाले, “बेन, आमच्या गाडीच्या कागदावर मच्छी नको ना, सेकंद लिहा.” लिहिले. रुचिकाची गाडी आता पापलेटही पूर्ण होऊ देत नाही. मला गर्व झाला आहे का? झाला आहे. डायरीत तारीखवार नोंद आहे.

मामीला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची भाची,
सुलक्षणा

ता. क. १ : त्या परदेशी पत्राची प्रत सोबत आहे. तुमच्या नावाखाली मी लाल रेघ मारली आहे. भिंतीवर लावा.

ता. क. २ : मामी, इथून जरा मोठ्याने वाच. मामा, मे महिन्यात बोट वर ओढण्याआधी मामीने दोन सकाळी धक्क्यावर बसून तुमच्या इंजिनाची खडखड मोजली. पहिल्या दिवशी बोंबील झाला. दुसऱ्या दिवशी यादी संपली आणि तिला परत पापलेटपासून सुरू करावं लागलं. तिने तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “तिचा सभावच तसा हाय.” मामा, हे वाक्य मी आधी कुठे वाचलं आहे ते वर लिहिलंच आहे. निमेशभाईंची गाडी बंद पडली तर हायवेच्या कडेला उभी तरी राहील. तुम्ही कुठे उभे राहणार?

ता. क. ३ : नारळी पौर्णिमेला अजून वेळ आहे. मिस्त्रीला बोलवून इंजिन उघडा. मी छोटासा अर्ज करून सोबत जोडला आहे. खाली मिस्त्रीची सही, बाजूला मामीची. तो भरून आणा आणि छत्री घेऊन जा. तोवर ती माझ्या कपाटात, कुलपात. पावसात भिजलात तर तो माझा स्वभाव आहे, चिंता नसावी.