रेडिएटरचं पाणी जातंय कुठे

गुरु. ९ फेब्रु. १९८९
आज परत उकळली. कोनगावच्या अलीकडे, भर उन्हात. काटा लालवर, बॉनेटमधून वाफ. आई मागच्या सीटवर, अप्पा तिला धरून. पाऊण तास तिथेच. कल्याणला पोचलो तर आईला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे पुढचा पेशंट बसलेला. "सोमवारी या," म्हणाल्या.
अर्धांगाच्या झटक्यानंतर पहिले सहा महिने बोलण्याचे व्यायाम चुकवायचे नाहीत, हे त्यांनीच बजावलंय. चार गेले. आई अजून 'हां' आणि 'ना', बस. तेही कधी उलटं.
येताना अप्पा बॉनेट थोपटून म्हणाले, "म्हातारी झाली रे बिचारी." उगाच राग आला. गाडीचाच आला असावा.

शुक्र. १०
काल संध्याकाळी गाडीखाली जुने पेपर पसरून ठेवलेले. सकाळी ओणवा होऊन बघितले. कोरडे ठणठणीत. तरी रेडिएटरने दोन तांबे पाणी घेतलं. थेंब गळत नाही, मग जातं कुठे?
पाणी अप्पाच भरतात. आठच्या ठोक्याला, बादली, तांब्या, खांद्यावर फडकं. आई पडल्यापासून तेवढंच एक काम ते मनापासून करतात. आपण मध्ये पडायचं नाही.

शनि. ११
गाडी नारायणकडे. आमच्या बाळकुमचाच कोळी, वडील होडीवर, हा इंजिनात शिरला; कोलशेत रोडला गॅरेज टाकलंय. खालचा रबरी पाइप तडकलेला निघाला. नवा घातला, क्लिपा आवळल्या.
"आता नाय जायचा पानी, साहेब."
बरं वाटलं. घरी येऊन दोनदा जेवलो, असं नीलाचं म्हणणं.

सोम. १३
गेलं. या वेळी भिवंडी ओलांडतानाच काटा चढला. थांबत थांबत पोचलो, आईला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. बाई ओठांवर बोट ठेवून 'प' म्हणायला शिकवत होत्या. आई घामाने निथळलेली, लक्ष नाही.
संध्याकाळी नारायणला वाट्टेल ते बोललो. "जमत नसेल तर तसं सांग, माझ्या आईचा प्रश्न आहे." तो नुसता हात पुसत उभा राहिला. त्याचंच जास्त लागलं.
नीला म्हणते रिक्षा करा. केली होती एकदा. खड्ड्यात आई कलंडते, दोघांनी धरूनही. गाडीच हवी.

बुध. १५
कोनच्या नाक्यावर त्या दिवशी एका टेंपोवाल्याने सांगितलं होतं, रेडिएटरमध्ये हळद टाका, भोक आपोआप बुजतं. आज पटलं. माणूस घायकुतीला आला की काहीही पटतं. नीला आंघोळीला गेल्यावर डबा उचलला. अर्धा टाकायचा होता, सगळा टाकला.

गुरु. १६
लिहावंसं वाटत नाही. कशेळीचा पूल संपेपर्यंत छान. पुढे अंजूर फाट्याला टोपण उडालं. पिवळं पाणी काचेवर, माझ्या शर्टावर, रस्त्यावर. लोक बघायला जमले. आई घाबरून रडली. तोंड वाकडं करून, आवाज न काढता रडते हल्ली. अप्पा तिला म्हणत होते, "अगं काही नाही, काही नाही." मी शेजारी उभा, पिवळा.
कल्याण राहिलंच. टेंपोला बांधून गाडी परत आणली.
नीलाला कळलं. आधी हसली, "हळद लागली, आता अक्षता कधी?" मग आत जाऊन तीही रडली. डब्यासाठी नव्हे.

शनि. १८
नारायणकडे तोंड घेऊन जायची लाज वाटत होती. गेलो. माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आधी हलद काढू." सकाळभर पाण्याचा झोत मारून रेडिएटर धुतला. मग इंजिन चालू ठेवून, तापवून, टॉर्च घेऊन खाली शिरला. अर्धा तास. बाहेर आला तो हसत.
इंजिनच्या मागे, हात पोचत नाही अशा जागी पत्र्याची एक गोल चकती असते. ती आतून खाऊन चाळण झालेली. गाडी तापली की तिथून झिरपतं आणि तापलेल्या लोखंडावर पडून तिथेच आटतं. म्हणून माझे पेपर कोरडे.
मग त्याने अप्पांची बादली डिकीतून काढली, तळाचं पाणी बोटाने जिभेला लावलं. थुंकला.
"ह्यो पानी खारा हाय. नळाचा नाय. आमचे होरीचा इंजिन असाच खाल्ला यानी."
मी म्हणालो, नळाचंच असेल. म्हणालो खरं.

रवि. १९
आठला गॅलरीत उभा राहिलो. गाडी गॅरेजमध्ये, तरी अप्पा बादली घेऊन खाली. विहिरीवर गेले, पाणी काढलं, सोसायटीच्या तुळशीला घातलं, परत आले. सवय.
विहीर खाडीला लागून. मचूळ पाणी. भांडी, लादी, संडास, एवढ्यालाच. घरात आईचा नियमच तसा. नळाचं पाणी तासभर येतं, ते पिण्याचं, त्याला दुसरं कुणी हात लावायचा नाही. मीही मार खाल्लाय त्यावरून.
दोन वर्षं अप्पा गाडीला हे घालतायत. सांगू कसं?

सोम. २०
गाडी गॅरेजमध्ये, चकतीपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवलाय. कल्याण नाही. नारायण म्हणतो, "सांगा बाबांना. नायतर परत घालतील." त्याला काय जातं सांगायला.

गुरु. २३
चकती बसली. पण गाडी संध्याकाळी मिळाली, कल्याण परत हुकलं.
अप्पांना सांगितलं. खालच्या आवाजात सांगायचं ठरवलं होतं, निम्म्यात आवाज चढला. "तुमच्या पाण्यामुळे आईचे चार खेपांचे व्यायाम बुडाले." हे बोलायला नको होतं. खरं असलं तरी.
ते बराच वेळ फडक्याची घडी करत बसले. मग म्हणाले, "ती खिडकीतून बघते ना रे. मला वाटलं, नळाचं घेतलं तर तिला आवडायचं नाही."
उठून बाहेर गेलो.

सोम. २७
वेळेच्या आधी वीस मिनिटं पोचलो. काटा मधोमध, हलला नाही. मी मात्र सगळ्या रस्त्यात त्याच्याकडेच बघत होतो, नीला ओरडली, पुढे बघा. बाई म्हणाल्या, "खंड पडला, मागे गेल्यात थोड्या. बघू."
अप्पा आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. गाडीला हात लावत नाहीत गुरुवारपासून.

बुध. १ मार्च
सकाळी अप्पांना म्हटलं, पाणी तुम्हीच भरा, फक्त नळाचं. त्यांनी मान हलवली. नळ आला तशी स्वयंपाकघरात कळशी भरायला लावली. आई दाराशी खुर्चीत. कळशी उचलून ते दाराकडे निघाले तर तिचा डावा हात खुर्चीवर आपटला.
"अहो."
नीलाने गॅस बंद केला. आई तोंड जुळवत होती, मानेच्या शिरा ताठ.
"पिण्याचं... नको. विहिरीचं."
तीन शब्द, एकामागून एक. अप्पांनी कळशी खाली ठेवली, पाणी लादीवर सांडलं. ते तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. डोळे भरलेले. "हो गं. विहिरीचं. विहिरीचंच घेतो," म्हणाले, आणि बादली घेऊन जिना उतरले. गुडघा विसरून.
आई खिडकीकडे वळून बसली.
नीला म्हणाली, "अहो, जा ना, बघा काय घालतायत." गॅलरीतून विहीर दिसते. गेलो नाही.
उद्या गुरुवार. साडेनऊला निघायचंय.