ओल्या मेंदीची कॅसेट

मेकनेस,
९ ऑक्टोबर २००३

ती. झहोरताईस,
बतूलचा कृ. सलाम वि. वि.

फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं आणि तिसऱ्या मिनिटाला कार्ड संपतं, म्हणून लिहितेय. कागदावर निदान वाक्य पुरं करता येतं.

सुफियानला वर्षापूर्वी कासाब्लांकाला तुझ्याकडे पाठवला तो वीजतंत्री व्हायला. आता कळतंय की स्वारी वायरी जोडतेय त्या तुझ्या गच्चीवरच्या भोंग्यांच्या! तुझा जवाद, माझा सुफियान आणि तळमजल्यावरच्या न्हाव्याचा ताहिर, ज्याच्याकडे तबकड्या फिरवायची दोन यंत्रं आहेत, असे तिघं मिळून म्हणे ‘गच्चीची पोरं’. हिप-हॉपचा ग्रुप. गेल्या ईदला सुफियानने मला रॅप म्हणजे काय ते करून दाखवलं. गायचं नाही, तालात भांडायचं. मी म्हटलं, हे तर मी आणि तुझी मावशी चाळीस वर्षं करतोय, आम्हाला कुणी टाळ्या नाही दिल्या.

पण ताई, त्याने लिहिलेलं एक पान पाठवलंय. गच्चीवरची पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या चादरी, नोकरीचे परत आलेले अर्ज, सगळं आहे त्यात. वाचून मला भरून आलं. आणि खाली बारीक अक्षरात लिहितो की माईक जवाद धरतो, पुढे जवाद उभा राहतो, कारण जवाद उंच आहे. म्हणजे लिहायचं माझ्याने आणि मिरवायचं तुझ्याने! मला हे नवीन नाही म्हणा. आईची बांगडी तुझ्या हातात गेली, मोठं शहर तुझ्या वाट्याला आलं, मी कधी बोलते का? (बोलते. माहीत आहे.)

ऑलिव्हचा डबा बसच्या ड्रायव्हरकडे दिलाय. भाओजींना सलाम. धाकटीवर जमेल तेवढी माया असू दे.

तुझी
बतूल


कासाब्लांका,
२१ ऑक्टोबर २००३

चि. सौ. बतूल हिस,
अ. उ. आ.

ऑलिव्ह पोचले. खारट आहेत. तू चिडलेली असलीस की तुझ्या हातून मीठ जास्त पडतं.

जवाद पुढे का उभा राहतो, तर लोकांना तो बघायला आवडतो म्हणून. तुझा सुफियान गुणी आहे, पण माईक हातात आला की मान खाली. लोक काय त्याचे बूट बघायला येतात? रागावू नकोस, आहे ते सांगतेय.

गेल्या शनिवारी युवाकेंद्रात त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. दोनशे पोरं तरी असतील. तिसऱ्या गाण्याला वीज गेली. तुझा वीजतंत्री फ्यूज शोधायला धावला आणि जवादने बाकावर ताल धरला. मग सगळ्या हॉलने धरला. अर्धा तास नुसत्या तळव्यांवर कार्यक्रम चालला, बतूल! आमचे हे, ‘पायघोळ विजारी घातलेल्या माकडांचं मी तोंड बघणार नाही’ म्हणणारे, टोपी डोळ्यांवर ओढून शेवटच्या भिंतीशी उभे होते. मी बघितलं, पण बोलले नाही.

बाकी त्रास कमी नाही. कुणाच्या तरी चादरी खाली पडल्या म्हणून घरमालकिणीने गच्चीला कुलूप घातलंय. आता सराव माझ्या स्वयंपाकघरात. हरीऱ्याचं सूप उतू जातं आणि ताहिर म्हणतो, मावशी, ते उकळायचा आवाज जरा परत काढा.

आणखी एक. परवा जवादने शिलाईयंत्राचा खण उपसला आणि एक जुनी कॅसेट शोधून काढली. आईच्या मेंदीच्या गाण्याची आहे, सफ्रूच्या एका लग्नातली. तू तेव्हा गोवर होऊन घरी पडली होतीस, तुला ठाऊक नसणार. मी म्हटलं ठेव जागेवर. पण ताहिर ती ऐकून वेडाच झाला. एक ओळ कापून घेतलीय आणि तीच तीच फिरवतोय. मला काही हे पटलेलं नाही. पण पोरं ऐकतात कुठे?

रमजान तोंडावर आलाय, प्रकृती सांभाळ. आशीर्वाद आहेतच, ते मोजून घेत बसू नकोस.

तुझी
झहोर


मेकनेस,
१२ फेब्रुवारी २००४

ती. ताईस,
सलाम वि. वि.

सुफियान घरी आलाय. चार दिवस झाले. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि विचारलं की म्हणतो, काही नाही झालं.

काय झालं ते मला वर्तमानपत्राने सांगितलं. एवढ्या मोठ्या स्पर्धेत ग्रुपला दुसरं बक्षीस मिळालं, अर्धं पान फोटो आला. त्यात जवाद डोक्यापासून पायापर्यंत आहे. ताहिर आहे, त्याची यंत्रं आहेत. माझ्या मुलाचं एक कोपर आहे. खाली छापलंय, ‘जवाद आणि साथीदार’. ज्याने शब्द न् शब्द लिहिला तो साथीदार! आणि तुझ्या मुलाने मुलाखतीत एकदाही त्याचं नाव घेतलं नाही. ताई, मला झोंबलं. सरळ सांगते, मला जळायला झालं.

आणि ते गाणं. भाजीबाजारात टॅक्सी उभी होती आणि तिच्या रेडिओवर आई! ‘दे हात इकडे, झहोर, मेंदी ओली आहे.’ माझ्या हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली. टॅक्सी निघून गेली, मी तिथेच. आई जाऊन अकरा वर्षं झाली आणि तिचा आवाज तुझ्या खणात होता? एकदा ऐकवावासा वाटला नाही तुला? बांगडी घेतलीस ते घेतलीस, आवाजसुद्धा?

वर तो धड तरी ठेवायचा. आई काय म्हणायची? ‘दे हात इकडे, लल्ला.’ जन्मभर प्रत्येक नवरीला ती ‘लल्ला’च म्हणत आली, बाईसाहेब म्हणावं तसं. ह्या तुझ्या पोरांनी तिथे ‘झहोर’ घुसवलंय. झहोर म्हणजे फुलं! मेंदी लावताना फुलांना कोण हात मागतं? एक मात्र खरं, त्या निमित्ताने टॅक्सीवाले तुझं नाव घेत फिरतायत. तुला काय, तेही आवडत असेल.

ईदचं सुकं मटण यंदा पाठवत नाही. पण सलाम पाठवतेय, तो ठेवून घे.

बतूल


कासाब्लांका,
३ मार्च २००४

चि. सौ. बतूल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोरांनी गाण्यात काही घुसवलेलं नाही. टेपवर तसंच आहे.

आता भांडण बाजूला ठेव आणि नीट वाच. एका कंपनीने मुलांना करार दिलाय. सबंध अल्बम, आणि जूनच्या महोत्सवात मोठा मंच. पण त्यांचा वकील म्हणतो, गाण्यात जुना आवाज आहे, तेव्हा त्या बाईच्या वारसांची लेखी परवानगी हवी. सोबत कागद आहे. ‘मयत गायिकेची वारस’ असं दोनदा छापलंय, एक जागा माझी, एक तुझी. महिनाअखेर कागद गेला नाही तर करार रद्द. ते गाणं काढून घ्या असंही ते म्हणत नाहीत. गाणं नसेल तर पोरं नकोत, असं तोंडावर सांगितलं त्यांनी.

आणि सुफियानला परत पाठव. गेल्या आठवड्यात मराकेशला कार्यक्रम होता. दुसऱ्या कडव्यात जवाद शब्द विसरला. नेहमी सुफियान मागून सूर धरून पुढचा शब्द देतो, तो नव्हता. जवाद सहाशे लोकांसमोर नुसता उभा राहिला. कुणीतरी शिट्टी मारली. घरी येऊन म्हणाला, आई, मी उंच आहे बस्स, बाकी काही नाही. माझं काळीज चिरलं. हे तुला लिहायला मला किती जड जातंय ते तुला कळेल. कळेलच.

सही कर, बाई. मोठी बहीण पदर पसरतेय, असं समज.

झहोर


मेकनेस,
१० मार्च २००४

ताईस सलाम.

सही करणार नाही.

आधी कॅसेट पाठव. मला आई ऐकायची आहे, अख्खी, ताहिरने कापलेली नव्हे. वारस म्हणून सही करायची तर वारशात काय आहे ते बघायला नको? आणि गोवर मला दुसरीत झाला होता. तेव्हा आपल्या सफ्रूच्या नातेवाइकांकडे विजेचा दिवासुद्धा नव्हता, टेपरेकॉर्डर कुठला?

तू काय लपवतेयस?

मीही गायचे, आठवतं? तुझ्याच मेंदीला आईचा घसा बसला म्हणून मी उभी राहिले. सोळा वर्षांची होते. सगळ्या बायकांचे डोळे पुसून झाले, पण तू मान वर केली नाहीस. मी वाट बघत होते. मग माझं लग्न झालं, नवऱ्याला गाणारी बायको नको होती, संपलं. आज माझ्या मुलाचं फोटोत कोपर तेवढं उरतं, तेव्हा मला तो दिवस आठवतो. माझं नुसतं कोपरच राहिलंय ताई, कायम.

बतूल


कासाब्लांका,
१८ मार्च २००४

बतूल,

मायना लिहायचा हक्क नाही मला, म्हणून लिहीत नाही.

हे पत्र आणि कॅसेट जवाद घेऊन येतोय. त्याला काही माहीत नाही. मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, आधी तुला सांगतेय.

तो आवाज आईचा नाही. तुझा आहे. माझ्या मेंदीच्या दिवसाचा.

माझे धाकटे दीर फ्रान्सहून टेपरेकॉर्डर घेऊन आले होते, त्यांनी तो खिडकीत ठेवला होता. तुला पत्ताच नव्हता. ताहिरने टेपचा वेग कमी केलाय, त्यामुळे आवाज वय वाढल्यासारखा वाटतो. तसाही स्वतःचा आवाज टेपवर कुणाला ओळखू येतो?

तू विचारलंस मी मान वर का केली नाही. मी नवरी होते, बतूल. आयुष्यात एकदाच सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं होतं. कोपरापर्यंत मेंदी, अंगावर उसना शालू, आणि अख्खी खोली तुझ्याकडे वळलेली. तू धड शब्दसुद्धा म्हटले नाहीस, ‘लल्ला’च्या जागी ‘फुलं’ म्हणालीस, तरी बायका रडत होत्या. माझी सासू म्हणाली, ही धाकटी आधी का नाही दाखवली? मी खाली बघत बसले आणि मनात म्हटलं, हिचा आवाज बसो. देव मला क्षमा करो, मी तसं म्हटलं.

पुढचं याहून वाईट आहे. दीर कॅसेट रबातला रेडिओवाल्यांकडे नेणार होते. म्हणाले, मुलीला बोलावतील. मी सांगितलं, टेप यंत्रात अडकून तुटली. ती माझ्या खणात होती. फेकायला हात झाला नाही, ऐकायलाही नाही. नंतर तुझ्या नवऱ्याने तुझं गाणं बंद केलं असं तू म्हणतेस. त्याच्या आधी मी केलं होतं.

आता कागदाचं काय करायचं ते तू ठरव. पोरांचं नशीब तुझ्या हातात आहे, आणि मला ते योग्यच वाटतं. मी तुझ्यावर जळत होते. हात आखडू नकोस म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते.

झहोर


मेकनेस,
२८ मार्च २००४

ती. झहोरताईस,
बतूलचा सलाम वि. वि.

माफ केलं असं समजू नकोस. तीन दिवस मी तुला असं काही बोललेय की शेजारीण विचारायला आली, कोणाशी भांडतेस गं एकटी? चहाचे दोन पेले फुटले, तेही तुझ्याच नावावर.

जवाद आला तेव्हा दार सुफियानने उघडलं. दोघं बोलेनात. मी मध्ये मस्सेमनचं ताट ठेवलं. चौथ्या पोळीला जवाद म्हणाला, कोपराचा फोटो मी कापला नाही, पण मुलाखतीत नाव मी घेतलं नाही, ते मुद्दाम होतं. लोक कडवी म्हणताना तुझे शब्द म्हणतात, मला जळायला होतं. सुफियान म्हणाला, आणि मला तुझ्या उंचीने. मग हसायलाच लागले गाढव. आता अंगणात दोघं मिळून काहीतरी लिहितायत, सुफियान मान वर करून म्हणायचा सराव करतोय. उद्याच्या बसने दोघांना पाठवते.

कागद त्यांच्याकडेच आहे. ‘मयत गायिकेची वारस’ हे दोन्ही जागी खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘गायिका, हयात’. तेव्हा तुझ्या सहीची गरज उरलेली नाही. आईची बांगडी मात्र जूनपर्यंत पाठव. मी महोत्सवाला येतेय, पुढच्या रांगेत बसणार आहे, आणि तू माझ्या मागे.

आता कॅसेटचं. दार लावून अख्खी ऐकली. तो आवाज माझा आहे हे मी आवाजावरून नाही ओळखलं, त्या एका शब्दावरून ओळखलं. टॅक्सीत तो पोरांनी घुसवलेला वाटला होता, तुझ्या मेंदीचं गाणं म्हणून ऐकला तेव्हा आठवलं. तू म्हणतेस मी चुकले. मी चुकले नव्हते गं. ‘लल्ला’ आई प्रत्येकच नवरीला म्हणायची. तू दुसऱ्या दिवशी कायमची जाणार होतीस, मला तुला सगळ्यांसारखं हाक मारवेना. म्हणून गाणं बदललं. आईने त्यासाठी नंतर माझा कानही पिळला.

ती फुलं नाहीत, ताई. ते तुझं नाव आहे. मी तुला हात मागत होते, आणि तू मान वर करायची वाट बघत होते. सत्तावीस वर्षं ते खणात कोंडून ठेवलंस, माझं आहे म्हणून.

भाओजींना टोपी काढून यायला सांग. ऑलिव्ह पाठवलेत, यावेळी मीठ बेताचं आहे. रागासकट जेवढी आहे तेवढी

तुझीच
बतूल
गायिका, हयात