दाजींचं रिकामं पोट

मंगळवार, संध्याकाळ

दाजींच्या अपंगत्व पेन्शनसाठी पुन्हा वैद्यकीय तपासणी होणार. सैनिक कार्यालयातल्या बाईंनी फोनवर तसं पक्कं सांगितलं. परवा, पुण्यात. बरं वाटलं, पण डोक्यात घोळत राहिलं ते दाजींचं रिकामं पोट.

आतड्याचं दुखणं फौजेत असतानाच जडलं. जेवले की धावावं लागतं. एसटीत पंचाईत नको म्हणून मागच्या तपासणीला आदल्या दिवसापासून उपाशी राहून गेले. साहजिकच पोट शांत. त्यात डॉक्टरांनी तब्येत विचारली, तर छाती काढून म्हणाले, "ठीक है, साब!" दावा फेटाळला गेला.

आज अक्कानं, माझ्या बहिणीनं, सुनावलंच. "साहेब दिसला की तुमचं दुखणं कुटं पळतंय वो?"

"सवय हाय की गं."

"मग ह्या खेपंला जेवून जायचं. मी बी येनार, मीच सांगनार."

दाजींनी भाकरीच्या टोपलीकडं पाहिलं. सीमेवर राहिलेला माणूस, भाकरीला घाबरतो?

परवा रेल्वेनं जायचं ठरलंय. अक्का पहाटे भाकरी करणार. ते खरंच खातील? मघाशी मी त्यांच्याकडून निघताना दाजींनी हळूच विचारलं, "संडासाजवळची जागा मिळंल का रं?"

म्हणजे खातील.