वसतिगृहाच्या मागच्या दाराबद्दल ताईला

तीर्थरूप ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझ्या मागच्या पत्रात माझ्या वजनावर सहा ओळी होत्या, भाऊजींच्या घोरण्यावर चार आणि तुझ्या गुडघ्यावर एकही नाही, त्यावरून गुडघा दुखत असणार असं धरून चालतो. भाऊजींना नमस्कार सांग (जागे असतील तेव्हा).

तू सांगितलेलं काम केलं. तुझा हुकूम असा होता की विद्यापीठात जा, वसतिगृह सुरक्षित आहे का ते बघ, ते नसणारच, तेव्हा लेकीचं सामान बांध आणि तिला घरी आणून सोड. निकाल आधी आणि चौकशी मागून, ही तुझी जुनी रीत. तरी तुझी काळजी कळते मला. पोरीला दिसत नाही, आणि महिन्यापूर्वी ग्रंथालयातून खोलीवर येताना त्या दिवे नसलेल्या पायवाटेवर कुणीतरी तिच्या मागे मागे चालत आलं, कोण आहे म्हणून विचारलं तर बोललं नाही, आणि वसतिगृहाच्या पायरीपासून परत फिरलं. (अंधार तिला रोजचाच आहे, मागून येणाऱ्याची मात्र त्यात सोय होते.) झालं काहीच नाही. पण काहीच झालं नाही, हे ऐकून आजवर कुठल्या आईला झोप लागली आहे?

म्हणून गेलो. फाटकावर रखवालदाराने वही पुढे केली. माझ्या आधीच्या पाहुण्याने नावाच्या रकान्यात 'मीच' आणि कामाच्या रकान्यात 'आहे' असं लिहिलं होतं, आणि त्याला आत सोडलेलं होतं. मी पूर्ण नाव, पत्ता लिहिला, तर मलाच अर्धा तास थांबवून ठेवलं. एवढी माहिती देणारा माणूस त्याला संशयास्पद वाटला असावा.

पुढे जे घडलं त्यात दोष धंद्याचा आहे. बत्तीस वर्षं कुलपं विकतो, बसवतो, अडकलेली उघडतो. दार दिसलं की हलवून बघितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही (कुणाकडे गेलो की बायको माझा उजवा हात धरून बसते, लोकांना ते प्रेम वाटतं). वसतिगृहाच्या मागच्या दाराला आकडे दाबायचं नवंकोरं महागडं कुलूप, वर कॅमेरा, शेजारी 'आपल्यावर लक्ष आहे' अशी पाटी. आणि कोयंड्याचे स्क्रू बाहेरून. ताई, हे म्हणजे तिजोरी घेऊन तिची पाठ पुठ्ठ्याची ठेवण्यासारखं आहे. माझा स्क्रूड्रायव्हर खिशात असतोच. पाटी वाचून होईपर्यंत कोयंडा हातात आला. कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला, कुणी दखल घेतली नाही. मग दार ढकललं, आणि आतून एक पांढरी काठी माझ्या नडगीवर बसली.

तुझी लेक. तिच्या मागे आठ मुली, एकीच्या हातात गरम इस्त्री. त्या पायवाटेच्या प्रकारानंतर पोरींनी आपसात ठरवलंय की एकीने फोनचं बटण दाबलं की बाकीचे आठ फोन वाजायचे आणि सगळ्यांनी धावत यायचं. विद्यापीठाच्या कुठल्याही कागदावर ही व्यवस्था नाही, म्हणून ती चालते. भाची म्हणाली, "तिसऱ्या स्क्रूलाच कळलं मामा आहे. चोर काय सुताराला शिव्या देत बसतो?" मग काठी का मारलीस, असं मी नडगी चोळत विचारलं. म्हणाली, "खात्री नको करायला?" रखवालदार सगळ्यात शेवटी आला. त्याने सहीसाठी वही आणली होती.

तिथून मला सुरक्षा समितीपुढे नेलं, ती त्याच वेळी बसली होती. कुलसचिव, ग्रंथपाल, आणि एक गृहस्थ ज्यांच्याकडे मान डोलावण्याचं खातं असावं. एक घुसखोर सापडला म्हणून सगळे आनंदात होते. मी चारही स्क्रू टेबलावर मांडले, तेव्हा आनंद जरा उतरला. एवढ्यात माझ्या मागोमाग आलेल्या भाचीने आपली गोष्ट काढली, आणि ताई, जी गोष्ट तिने तुला चार महिने सांगितली नाही ती मला त्या खोलीत कळली. तिला सगळी पुस्तकं खोलीत बसून मिळण्यासारखी आहेत. विद्यापीठाचं ग्रंथालय ऑनलाइन आहे, तिचा फोन पुस्तक वाचून दाखवतो (इतक्या वेगाने की मला आधी लिलाव चाललाय असं वाटलं). पण चार महिन्यांपूर्वी सुरक्षेसाठी म्हणून त्याला आणखी एक कडी घातली: तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, या नऊ चित्रांतली पुलाची चित्रं निवडा. चोराला पूल दिसतो. तुझ्या लेकीला दिसत नाही. म्हणून ती रोज संध्याकाळी चालत ग्रंथालयात जायची, तिथल्या मदतनीस बाईंकडून चित्रं निवडून घ्यायची आणि अंधार पडल्यावर त्या वाटेने परत यायची (मैत्रिणींकडे रोज डोळे उसने मागायचे नाहीत हा तिचा हट्ट, बाईंना निदान त्याचा पगार मिळतो).

कुलसचिव म्हणाले, ही सुरक्षेची बाब आहे. मी म्हटलं, "साहेब, मालकालाच बाहेर ठेवणारं कुलूप माझ्या दुकानातून गेलं तर गिऱ्हाईक ते माझ्या डोक्यात घालील. तुम्ही पुस्तकं कुलपात ठेवलीत आणि पोरीला रस्त्यावर." मग ग्रंथपाल हळूच म्हणाले की चित्रांऐवजी फोनवर ऐकू येणारा आकडा ठेवता येतो, दहा मिनिटांचं काम आहे, पण ते समितीच्या हुकमाची वाट बघत होते. समिती म्हणे ग्रंथपालांच्या मागणीची वाट बघत होती. दोन्ही वाटा बघून झाल्यावर काम सात मिनिटांत झालं. पायवाटेवर दिव्यांचे चार खांब बसले, ते बघायला मी तीन दिवस थांबलो.

तर माझं मत असं. ते वसतिगृह सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. कुठलीच जागा नसते. मागच्या खेपेला मी तुझ्या स्वयंपाकघराच्या बंद दारातून आत आलो आणि तुला वाटलं पुढून आलो. फरक इतकाच की तुझ्या घरी नऊ मुली नाहीत. सामान बांधलं नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पुढच्या वर्षी तिथेच राहण्यासाठी पालकांच्या संमतीचा अर्ज सोबत आहे. सही कर. ती स्वतः मागणार नाही. म्हणाली, "इथे राहायचंय असं सांगितलं तर आईला वाटेल मला तिची आठवण येत नाही." येते. मी कान देऊन ऐकलंय.

ता. क. २. त्या मागच्या दाराचं काम मला मिळालं आहे. माझं मत त्याच्या आधी बनलं होतं, हे नमूद करतो.

ता. क. ३. सोबतचा अर्ज ही नक्कल आहे. मूळ अर्जाची मुदत मंगळवारी संपत होती, म्हणून तुझी सही मीच ठोकून दिली. कारकुनाने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर तू सात वर्षं बाबांची सही करायचीस, ती शेजारी बसून बघितलेली वाया गेली नाही. तरी परवानगी दिलीस तर पोरीला बरं वाटेल.