उंबऱ्याबाहेरचा आवाज

अण्णा, आपल्या स्वयंपाकघराचा उंबरा तुम्ही कधी ओलांडला नाहीत. ठाण्याच्या त्या दोन खोल्यांत तुमची जागा ठरलेली होती, उंबऱ्याबाहेर, भिंतीला टेकून. कारखान्याच्या दारावरची पाळी संपवून आलात की तिथेच बसायचात. ब्रह्मदेशाच्या लढाईवरून परतलेला शिपाई म्हणून आळीत तुम्हाला मान होता. पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेत झेंडावंदनाला तुम्हाला बोलवायचे आणि तुमची पदकं मी आदल्या दिवशी चिंचेने घासून ठेवायची.

आई विषमज्वराने अंथरुणाला खिळली तेव्हा मी चौथीत होते. "चुलीतलं मला काय कळतंय? थोडे दिवस तूच बघ," म्हणालात, आणि माझी शाळा बंद झाली. मी चुलीशी बसले आहे, धुराने डोळे चुरचुरताहेत, आणि बाहेरून तुमचा आवाज येतो, "जाळ कमी कर, डाळ लागेल." डाळ खरंच तळाला लागायला आलेली असते. मला केवढं नवल वाटायचं. शेजारच्या काकूंना मी ऐटीत सांगायची, "आमच्या अण्णांना लढाईवर होते तेव्हापासून लांबचाही वास येतो." पेज ओतताना मनगट भाजलं तेव्हा तुम्ही माझा हात कितीतरी वेळ गार पाण्यात धरून ठेवलात. नंतर कल्याणच्या बाजारातून माझ्या हाताच्या मापाचं पोळपाट-लाटणं आणलंत. मी ते उशाशी घेऊन झोपले होते. आई हिंडूफिरू लागेपर्यंत वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. मैत्रिणी पाचवीत गेल्या, मी चौथीतच राहिले.

पुढे एका रविवारी तुमच्या पलटणीतले एक जण कल्याणहून जेवायला आले. मोठ्या आवाजाचे, हसरे गृहस्थ. तुम्हाला उस्ताद म्हणत होते. आमटी ओरपत ते म्हणाले, "वहिनी, झकास झालीय. पण खरं सांगू? उस्तादांच्या हातची सर नाही. भर चिखलात, ओल्या लाकडांवर अख्ख्या कंपनीचं जेवण उतरवायचे हे. आम्ही बंदुका धरल्या, पण जगवलं यांच्या पळीनं. घरी करत असतील की अधूनमधून?"

"नाही हो भावजी," आई म्हणाली. "यांना चुलीतलं काही कळत नाही."

ते खो खो हसले. त्यांना वाटलं, आई थट्टा करते आहे. आईने भाताचं पातेलं तुमच्या ताटापाशी आणून ठेवलं, वर पळी ठेवली. "आज तुम्ही वाढा," एवढंच म्हणाली. तुम्ही मान वर केली नाहीत. पळी तशीच राहिली. पाहुण्यांचं हसू हळूहळू विरलं. शेवटी मीच उठले आणि भात वाढला. आई त्या दिवशी जेवली नाही. त्या विषयावर घरात पुन्हा कोणी बोललंही नाही.

आळीपासून लपवलंत ते मला आता समजतं. बंदूकवाल्यांच्या गोष्टी ऐकायला जमलेल्या लोकांना पळीची गोष्ट कशी सांगणार? पण आत तापाने फणफणलेली आई होती आणि चुलीपुढे मी होते. दार लावून घेतलं असतंत तर कोणाला दिसणार होतं? एक वेळची डाळ, अण्णा. वासावरून तुम्हाला सगळं कळत होतं. दुरून सूचना करत होतात, पण उठला नाहीत. ते चिमुकलं लाटणं निवडताना माझ्या हाताचं माप तुम्हाला बरोबर आठवलं, हेच मला जास्त लागतं.

हे लिहिलेले कागद मी कपाटात ठेवून देईन. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी चाळिशी ओलांडली, आता चूल नाही, गॅस आहे. तरी डाळ शिजताना मी मधेच थांबते आणि कान दाराकडे लावते. आवाज येत नाही. मग मी स्वतःच आच कमी करते, आणि दर वेळी थोडा उशीर झालेला असतो.