अण्णांच्या रायफलीचा नवा दस्ता

अर्धापूर, मंगळवार, दिवेलागण

अण्णांच्या रायफलीचा लाकडी दस्ता तडकला होता. नवा बसवायला रायफल नांदेडच्या दुकानात टाकली होती, ती आज अण्णांना घेऊन आणायला गेलो. थर चिकटवलेलं लाकूड मीच पसंत केलेलं. पावसात फुगत नाही. मिस्त्रीनं खाच तासून, वाळून घट्ट होणारा मसाला भरून नळी अशी बसवली की जराही हलत नाही.

अण्णांनी रायफल खांद्याला लावली. गाल टेकवला, उचलला, परत टेकवला. जुन्या दस्त्यावर त्यांच्या गालाचा खळगा पडला होता. पोरगा असून मला तो कधी दिसलाच कसा नाही?

"कशी हाय?" मी विचारलं.

"लई भारी." मग मिस्त्रीला हळूच म्हणाले, "जुनं लाकूड कुठंय?"

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. मला विचारूनच त्यानं ते फोडून पाचरी केल्या होत्या. मी फोनवर पटकन 'हाव' म्हणून मोकळा झालो होतो. चीर सांधता आली असती का, एवढं तरी विचारायचं. तो खळगा तरी राहिला असता.

वाटभर अण्णा केळीच्या भावाबद्दल बोलले.

आत्ता ते रानडुकरं हाकायला मळ्यात निघाले. हातात बॅटरी आणि फटाके. एरवी खांद्याला असणारी रायफल कपाटातच आहे. थांबवावंसं वाटलं, पण काय म्हणून थांबवू?